कांद्याची पट्टी आणि कंपायलरची निवड

उन्हाळ कांद्याच्या हंगामात कळवणच्या बाजार समितीत तुम्ही कधी गेला आहात काय? गेला नसाल, तर तुमच्या जवळच्या कोणत्याही कांदा बाजारात एकदा अवश्य जा. लिलावात भाव ठरतो. मग कांद्याने भरलेला ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो. माल उतरवल्यावर रिकामा ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर येतो. दोन वजनांतील फरक म्हणजे कांद्याचे वजन. शेवटी शेतकऱ्याच्या हातात एक लहानसा कागद पडतो. त्याला म्हणतात हिशेबपट्टी. तिच्यावर नाव, गाव, तारीख, वजन, भाव, हमाली-तोलाईची वजावट आणि मिळणारी रक्कम एवढेच असते. पण त्या चार ओळींत एका घराच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांचा हिशेब असतो.

हा कागद किती मोलाचा असतो ते २०२३ साली दिसून आले. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्यासाठी महाराष्ट्र शासनाने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. मर्यादा होती २०० क्विंटलची. म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ७०,००० रुपये. अर्जासोबत जोडायचे होते काय? सातबारा उतारा, बँक खात्याची माहिती आणि कांदा विक्रीची पट्टी! ज्याची नोंद जागेवर होती त्याचे काम सोपे झाले.

आता अशी कल्पना करा की, ही पट्टी छापणारी आणि तिची नोंद ठेवणारी आज्ञावली तुम्हांला लिहायची आहे. ती लिहाल तुमच्या संगणकावर, पण ती चालणार दुसऱ्याच्या संगणकावर. तो संगणक जुना असेल, त्याला इंटरनेट नसेल, मध्येच वीज जाईल. तेथे कोणतेही जादा सामान न बसवता तुमची आज्ञावली एकटीने चालली पाहिजे. हे कसे साधावे? त्यासाठी कोणता कंपायलर निवडावा? चला, आज याच प्रश्नाच्या मागे जाऊ या.

दुभाषी आणि भाषांतरकार

संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, फक्त यंत्रभाषा समजते. ही भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची. माणसाला ती लिहिणे फार जिकिरीचे. म्हणून आपण पास्कल, सी, पायथन अशा माणसाला झेपणाऱ्या भाषांत आज्ञा लिहितो. मग या आज्ञा यंत्रभाषेत कोण नेणार?

याचे दोन मार्ग आहेत. तुमच्या कसमादे भागातलेच उदाहरण घेऊ. समजा, एका आजोबांना फक्त अहिराणी येते आणि चेन्नईहून आलेल्या व्यापाऱ्याला फक्त तमिळ. पहिला मार्ग असा, की दोघांच्या मध्ये एक दुभाषी उभा करायचा. आजोबा एक वाक्य बोलतील, दुभाषी ते लगेच सांगेल. काम होते खरे, पण दुभाषी सतत हजर हवा. तेच वाक्य शंभर वेळा आले तर तो शंभर वेळा भाषांतर करील. दुसरा मार्ग असा, की आजोबांचे सगळे म्हणणे एकदाच लिहून घ्यायचे, त्याचे पूर्ण भाषांतर करायचे आणि तो कागद व्यापाऱ्याच्या हाती द्यायचा. आता भाषांतरकार घरी गेला तरी चालेल.

संगणकातील दुभाष्याला इंटरप्रिटर म्हणतात आणि भाषांतरकाराला कंपायलर. कंपायलरने तयार केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की ती तेथे चालते. तेथे कंपायलर लागत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. भाषांतर ज्या प्रकारच्या यंत्रासाठी केले असेल, त्याच प्रकारच्या यंत्रावर ते चालते. विंडोजसाठी केलेली फाइल लिनक्सवर तशीच चालणार नाही. तिच्यासाठी मूळ मजकुराचे पुन्हा भाषांतर करावे लागते.

फुटबॉलच्या अंदाजांतून जन्मलेली भाषा

नोंदी ठेवण्याच्या आज्ञावल्यांत एका नावाचा दबदबा फार मोठा होता, ते म्हणजे डीबेस. त्याच्या जन्माची गोष्ट मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या संस्थेत वेन रॅटलिफ नावाचे अभियंते काम करीत. फुटबॉलच्या सामन्यांचे अंदाज अचूक बांधावेत, म्हणून त्यांना खेळांची आकडेवारी नीट लावून ठेवायची होती. त्यांनी सुटे भाग जोडून एक लहान संगणक घरीच उभा केला आणि १९७८ च्या सुमारास त्याच्यासाठी नोंदी हाताळणारी एक भाषा लिहिली. तिचे नाव ठेवले व्हल्कन. पुढे ॲश्टन-टेट या कंपनीने ती डीबेस-टू या नावाने विकायला सुरुवात केली. डीबेस-वन मात्र कधीच नव्हते! दुसरी आवृत्ती म्हटली की लोकांना माल मुरलेला वाटतो, एवढेच त्यामागचे कारण.

डीबेस हा इंटरप्रिटर होता, आपल्या गोष्टीतला दुभाषी. तुम्ही पट्टीची आज्ञावली डीबेसमध्ये लिहिली, तर ती जेथे चालवायची त्या प्रत्येक संगणकावर डीबेस विकत घेऊन बसवावे लागे. शिवाय ती चाले सावकाश, आणि ज्याला हवी त्याला ती उघडून मूळ मजकूर बदलताही येई.

ही अडचण ओळखून नँटकेट नावाच्या कंपनीने १९८५ साली क्लिपर हा कंपायलर बाजारात आणला. भाषा जवळजवळ डीबेसचीच, पण शेवटी तयार होई ती एकटीने चालणारी फाइल. फ्लॉपीवर घ्यावी, दुसऱ्या संगणकात घालावी आणि चालवावी! १९८७ साली आलेली त्याची आवृत्ती तर जगभर गाजली. भारतातही १९९० च्या दशकात लहानमोठ्या कचेऱ्यांचे हिशेब, पगारपत्रके आणि मालाच्या नोंदी डीबेस, फॉक्सप्रो आणि क्लिपर या तिघांवर चालत.

येथे एक बारीक मुद्दा आहे. क्लिपर सर्व आज्ञांचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करीत नसे. तो त्यांच्या आटोपशीर खुणा बनवी आणि त्या खुणा वाचणारा छोटा दुभाषी त्याच फाइलमध्ये शिवून टाकी. व्यापाऱ्याला कागदाबरोबर खिशात मावणारा दुभाषीही द्यावा, तसे! त्यामुळे एका ओळीच्या आज्ञावलीची फाइलदेखील शंभराहून अधिक किलोबाइटची होई. पण वापरणाऱ्याला त्याचे काय? त्याला हवी होती एकटीने चालणारी फाइल, आणि ती मिळत होती.

फाइलच्या पोटात डोकावू या

आज्ञावली नोंदी कोठे ठेवते? डीबेसने त्यासाठी जी पद्धत ठरवली तिला डीबीएफ फाइल म्हणतात. ती इतकी साधी आहे की कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही तिचे गणित करू शकाल.

प्रत्येक नोंदीसाठी फाइलमध्ये ठरावीक लांबीची जागा असते. आपल्या पट्टीसाठी सहा रकाने घेऊ. पट्टी क्रमांकाला ६ अक्षरांची जागा, तारखेला ८, नावाला ३०, गावाला २०, वजनाला ७ आणि भावाला ५. बेरीज झाली ७६. त्यात प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक जादा जागा असते. एकूण ७७ बाइट. ही जादा जागा कशाला? नोंद रद्द केली की तेथे फक्त एक तारा उमटतो. नोंद पुसली जात नाही. तारा काढला की ती परत जिवंत होते!

फाइलच्या सुरुवातीला माहितीचा माथा असतो. त्याला ३२ बाइट, प्रत्येक रकान्याच्या वर्णनाला ३२ बाइट आणि शेवटी खुणेचा १ बाइट. सहा रकान्यांसाठी ३२ + (६ × ३२) + १ = २२५ बाइट. आता १,००० वी पट्टी हवी आहे. तिच्या आधी ९९९ नोंदी आहेत. म्हणून २२५ + (९९९ × ७७) = ७७,१४८ बाइट सोडले की ती नेमकी सापडते. संगणक आधीच्या नोंदी वाचत बसत नाही, थेट उडी मारतो.

पण क्रमांक ठाऊक नसेल आणि नावावरून शोधायचे असेल तर? मग वर्णानुक्रमे लावलेली अनुक्रमणिका लागते. शब्दकोशात शब्द पाहताना तुम्ही मधले पान उघडता आणि अर्धा भाग सोडून देता, तसेच हे. प्रत्येक वेळी निम्म्या नोंदी गळाल्या, तर १०,००० नोंदींतून एक नाव शोधायला जास्तीत जास्त १४ पायऱ्या पुरतात. कारण २ चा १४ वा घात १६,३८४ होतो.

मराठी नाव किती जागा घेते?

आपल्या मुलखात आणखी एक प्रश्न उभा राहिला. नावे देवनागरीत लिहायची कशी? मूळ डीबेसला रोमन अक्षरेच ठाऊक होती. या प्रश्नावरचे एक उत्तर आपल्या पुण्यात घडले. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट नावाचे कार्ड पुढे आणले. त्या तंत्राचे आधीचे काम कानपूरच्या आय.आय.टी. मध्ये झाले होते. हे कार्ड संगणकात बसवले की डीबेससारख्या आज्ञावल्यांतही पडद्यावर देवनागरी उमटे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतपद्धती ठरली आणि १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिच्यात प्रत्येक वर्ण किंवा मात्रा एका बाइटमध्ये बसे. 'कळवण' हे नाव चार बाइटांत मावे.

आज सर्वत्र युनिकोड वापरतात. त्याच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे 'कळवण' झाले १२ बाइटांचे. 'सप्तशृंगी' या शब्दात अक्षरे, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताची खूण मिळून नऊ चिन्हे आहेत, त्याला लागतील २७ बाइट. मग आपल्या ३० बाइटांच्या नावाच्या रकान्यात मावतील फक्त दहा चिन्हे! पूर्ण नाव बसणार नाही, आणि पट्टीवर शेतकऱ्याचे आडनावच तुटून जाईल. अनुदानाच्या अर्जाला अशी पट्टी जोडली तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून कंपायलर निवडताना तो युनिकोड नीट हाताळतो का, हे आधी पाहावे.

आज्ञावली बंद पडली, नोंदी वाचल्या

क्लिपरच्या आज्ञावल्या सोळा बिटी डॉससाठी होत्या. चौसष्ट बिटी विंडोजमधून सोळा बिटी आज्ञावल्या चालवण्याची सोय काढून टाकलेली आहे. २०२१ साली आलेली विंडोज ११ तर फक्त चौसष्ट बिटी आहे. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे बिनतक्रार चाललेली क्लिपरची फाइल नव्या संगणकावर ठेवून दाबली, तर ती उघडतच नाही. डॉसबॉक्ससारखे जुन्या संगणकाचे सोंग घेणारे साधन वापरले तरच ती चालते.

मग त्या सगळ्या नोंदी बुडाल्या काय? मुळीच नाही! डीबीएफ फाइलची रचना सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती आजही लिबरऑफिससारख्या मोफत साधनात उघडता येते. आणखी एक शहाणपणाची गोष्ट पाहा. डीबेसने तारीख फाइलमध्ये साठवली ती आठ अंकांत, वर्षाचे चारही अंक घेऊन. पडद्यावर वर्षाचे दोनच अंक दिसत, पण फाइलमध्ये पूर्ण वर्ष असे. म्हणून २००० साल उजाडले तेव्हा जेथे तारीख तारखेच्याच रकान्यात ठेवली होती, तेथील नोंदी शाबूत राहिल्या.

आणि ज्यांच्याकडे आज्ञावलीचा मूळ मजकूर जपलेला होता, त्यांची तर चिंताच मिटली. १९९९ साली वेगवेगळ्या देशांतील आज्ञावलीकारांनी हार्बर नावाचा मुक्त कंपायलर तयार करायला घेतला. त्याला क्लिपरची भाषा कळते. जुना मजकूर त्यात घालावा, थोडीफार दुरुस्ती करावी, की नव्या विंडोजवर किंवा लिनक्सवर चालणारी फाइल मिळते. ज्यांच्याजवळ फक्त तयार फाइल उरली आणि मूळ मजकूर हरवला, त्यांना मात्र सगळे पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते.

निवडीपूर्वी विचारायचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न : तयार झालेली फाइल खरोखर एकटी चालते का? पुष्कळदा ती आपल्या संगणकावर चालते, कारण तिला लागणारे इतर भाग तेथे आधीच असतात. म्हणून ज्या संगणकावर कंपायलर कधी बसवलाच नाही, तेथे ती नेऊन पाहावी. इंटरनेटची तार काढूनच ही परीक्षा घ्यावी.

दुसरा प्रश्न : नोंदींची फाइल दुसऱ्या साधनात उघडते का? उघडत नसेल, तर तुम्ही दुसऱ्याच्या नोंदी कुलपात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली, असेच झाले.

तिसरा प्रश्न : वीज गेली तर काय होते? नोंद अर्धी लिहिली असताना वीज गेली, तर जुनी डीबीएफ फाइल आणि तिची अनुक्रमणिका यांचा मेळ बिघडे आणि अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागे. आजची चांगली साधने यावर युक्ती करतात. पाटी पुसण्याआधी जुना मजकूर वहीत उतरवून ठेवावा, तशी ती बदल करण्यापूर्वी जुना भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. वीज परत आली की अर्धवट काम रद्द होते आणि सारे पूर्ववत होते.

चौथा प्रश्न : पैशांचा हिशेब अचूक होतो का? संगणक अपूर्णांक दोनच्या घातांत मांडतो. दशमान पद्धतीत १ ला ३ ने भागले तर ०.३३३ संपतच नाही, तसे द्विमान पद्धतीत ०.१ संपत नाही. म्हणून अनेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ अशी येते! उपाय सोपा आहे. रुपयांऐवजी पैसे आणि क्विंटलऐवजी किलो घ्या, म्हणजे पूर्णांकच राहतील. २३.४५ क्विंटल म्हणजे २,३४५ किलो. भाव क्विंटलला १,२३५ रुपये, म्हणजे १,२३,५०० पैसे. गुणाकार करून १०० ने भागा. उत्तर २८,९६,०७५ पैसे, म्हणजे २८,९६०.७५ रुपये. एक पैसाही इकडेतिकडे नाही.

पाचवा प्रश्न : तो कंपायलर वापरण्याची आणि तयार फाइल वाटण्याची मोकळीक आहे का, आणि त्याची देखभाल करणारे कोणी आहे का? नँटकेट कंपनी १९९२ साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि काही वर्षांत क्लिपरची वाढ थांबली. ज्याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो, तो कंपायलर असा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

मग निवड कोणती?

जुना क्लिपरचा मजकूर आणि डीबीएफ नोंदी हाताशी असतील, तर हार्बर. कारण जुने काम वाया जात नाही.

नवीन काम सुरू करायचे असेल आणि खिडक्या, बटणे, छापील पट्टी असे सारे हवे असेल, तर फ्री पास्कल आणि त्याच्या जोडीचे लझारस. त्याची भाषा शिकायला सोपी, भाषांतर थेट यंत्रभाषेत, आणि पैशांच्या हिशेबासाठी 'करन्सी' नावाचा खास प्रकार. हा प्रकार आतून पूर्णांकच असतो, दशांश चिन्हापुढे चार अंक धरून.

सी भाषा येत असेल, तर जीसीसी हा कंपायलर आणि एसक्यूलाइट. एसक्यूलाइट ही नोंदी सांभाळणारी आज्ञावली रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिली. ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी काम करीत होते. तेथे नोंदी ठेवणारा सर्व्हर बंद पडला की त्यांची आज्ञावलीही अडून बसे आणि दोष यांच्या माथी येई. मग त्यांनी ठरवले की सर्व्हरच नको! सगळे एकाच फाइलमध्ये. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाइट आहे. तिचा मूळ मजकूर कोणीही फुकट घेऊन आपल्या आज्ञावलीत मिसळू शकतो, आणि वीज गेल्यावर सावरण्याची ती वहीची युक्तीही तिच्यात आहे. फ्री पास्कलमधूनही ती वापरता येते.

आणि पायथन? शाळेत शिकायला ती उत्तम. पण ती सहसा इंटरप्रिटरवर चालते. तिच्यातून एकटी चालणारी फाइल करायची, तर सारा दुभाषी बरोबर बांधून द्यावा लागतो, आणि फाइल बरीच मोठी होते. काम चालते, पण जुन्या संगणकावर ती उघडायला वेळ लागतो.

आपल्या बाजारातील पट्टीसाठी यांतले काय घ्यावे? नव्याने लिहायचे असेल तर फ्री पास्कल आणि एसक्यूलाइट ही जोडी पाचही प्रश्नांना बऱ्यापैकी उतरते. पण केवळ येथे वाचले म्हणून ती मान्य करू नका. पाचही प्रश्न स्वतः विचारून, फाइल स्वतः चालवून मगच ठरवा.

करून पाहा

१. तुमचे पूर्ण नाव देवनागरीत लिहा. अक्षरे, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळे मोजा. तीनने गुणा, आणि मधल्या प्रत्येक मोकळ्या जागेचा एकेक बाइट त्यात मिळवा. तुमच्या नावाला किती बाइटांचा रकाना लागेल?

२. शाळेच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीसाठी रकाने ठरवा. डीबीएफच्या हिशेबाने एका नोंदीला किती बाइट लागतील? ५०० पुस्तकांची फाइल किती मोठी होईल?

३. लझारस बसवून दोन संख्यांचा गुणाकार दाखवणारी छोटी आज्ञावली तयार करा. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर घ्या, तुमच्याचसारखे विंडोज किंवा लिनक्स असलेल्या मित्राच्या संगणकावर चालवा. चालली का? नसेल, तर पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या. कोणता भाग कमी पडला ते त्यातच लिहिलेले असते.

४. आणि जे काही लिहाल त्याचा मूळ मजकूर तारीख घालून दोन ठिकाणी जपून ठेवा. तो हाती असला, की उद्याच्या संगणकावर उद्याचा कंपायलर त्याचे पुन्हा भाषांतर करील.